माणदेशात आपलं स्वागत

राज्यभरातून आलेल्या वैद्यकीय अधिकारी बंधुभगिनींनो,

जेवणात हुलग्याचं माडगं आहे, ते चाखल्याशिवाय उठू नका. मी डॉक्टर नाही, डाळिंबवाला. स्वागताध्यक्षानं सोयीगैरसोयीचं बोलून बसावं, असा रिवाज. पण उद्याचा परिसंवाद सरकारी नोकरी आणि खासगी प्रॅक्टिस यावर आहे आणि वक्त्यांच्या यादीत पेशंट एकही नाही. म्हणून त्याच्या वतीनं थोडं.

वाद जुनाच आहे. पूर्णवेळ पगारी डॉक्टरला खासगी प्रॅक्टिस नको, असं भोर समितीनं १९४६ सालीच लिहिलं. दोन वर्षांनी विलायतेत सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तर तिथल्या बड्या तज्ज्ञांना खासगी पेशंटची मुभा देऊनच आत घ्यावं लागलं. केरळनं २००९ मध्ये मेडिकल कॉलेजांतल्या डॉक्टरांची प्रॅक्टिस पगार वाढवून बंद केली. आरोग्य खात्यातल्यांना ड्यूटीनंतर घरी पेशंट तपासायची मोकळीक ठेवली. आपल्याकडे तोडगा व्यवसायरोध भत्त्याचा. केंद्रात तो मूळ वेतनाच्या २० टक्के. नुसत्या भत्त्यावर सर्जन तालुक्याला टिकतो का, हे तुम्हीच सांगा. क्वार्टर गळतं, भूलतज्ज्ञाची जागा रिकामी, वर आठवड्याला मीटिंगा. मग दवाखान्यावर बायकोच्या नावाची पाटी लागते. ती कुणाची, हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. फक्त चौकशीला आलेल्या साहेबांना दिसत नाही.

खरं सांगतो, संध्याकाळच्या दवाखान्यानं गावाचं पोट दुखत नाही. अपरात्री पोराला झटके आले की आम्ही तिथंच धावतो. दुखतं ते सकाळी, ओपीडीत. “संध्याकाळी घरी या, नीट बघतो,” हे ऐकल्यावर. डॉक्टर तोच, नाडी तीच. मग नीट बघणं संध्याकाळवर का? रोजगार बुडवून आलेली बाई यावर काही बोलत नाही. पदराची गाठ चाचपते आणि उसने कुणाकडून घ्यावेत याचा हिशेब करत बसते.

माझं मत विचाराल, तर मुभा द्यावी, पण उघड. वेळ आणि फी फळ्यावर लिहावी. आणि ओपीडीत पाहिलेला पेशंट त्याच आजारासाठी पैसे घेऊन पाहायचा नाही. ठरावात एवढं एक कलम घेता आलं तर बघा. तुमच्यातले काही नाराज होतील, त्यांनी जेवताना मला गाठावं.

आणि हो, कार्यालयातलं पाणी टँकरचं आहे, तेवढं जपून वापरा. आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं, ही विनंती.