दिवसा दिवा कशाला? जुन्या गाडीला एलईडी डीआरएल बसवताना

आजचा विषय डीआरएल, म्हणजे डे-टाइम रनिंग लाइट. नव्या गाड्यांच्या तोंडावर दिवसाढवळ्या पांढऱ्या भुवया पेटलेल्या दिसतात ना, त्या. शोरूममधून गाडीबरोबरच आलेल्या डीआरएलबद्दल मला काही बोलायचं नाही. मी बोलतोय ते जुन्या गाडीला बाहेरून किट आणून बसवण्याबद्दल. किट ऑनलाइन स्वस्तात मिळतं, दुकानदार तासाभरात लावून देतो, गाडी एकदम नवीन दिसायला लागते. पण या कामात दिवा थोडा आणि वायरिंग जास्त आहे. आपण मात्र दिव्याचं डिझाइन निवडण्यात दोन आठवडे घालवतो आणि वायरिंग दुकानातल्या पोरावर सोडून देतो.

माझं गाव करकंब, पंढरपूर तालुका. बाहेरच्यांना करकंब म्हटलं की बाजार आमटी आठवते, गाडी चालवणाऱ्याला टेंभुर्णी-पंढरपूर रस्ता आठवतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखान्यांची धुराडी पेटली की रस्त्यावर ट्रॅक्टर, त्यामागे दोन-दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस. तुम्ही मागे अडकलेले. पुढचं काही दिसत नाही. गाडीचं नाक जरा उजवीकडे काढायचं, मोकळं दिसलं की दामटायची. आता समोरून एक करड्या रंगाची गाडी येतीये. मागे डांबर, वर झाडाची सावली, मध्ये ट्रॉलीचा धुरळा. दोघंही ८० च्या वेगात असाल तर दर सेकंदाला तुमच्यातलं अंतर साधारण ४४ मीटरनं कमी होतं. ती गाडी एक सेकंद उशिरा दिसली, तर ४४ मीटर गेले. डीआरएलचं काम तो एक सेकंद मिळवून देणं एवढंच. त्यानं रस्ता उजळत नाही, उजळायचाही नसतो.

ही कल्पना उत्तरेकडच्या थंड देशांतून आली. फिनलंडनं १९७२ मध्ये हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसा दिवे लावणं सक्तीचं केलं, स्वीडननं १९७७ पासून वर्षभरासाठी. कॅनडात १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या गाड्यांना डीआरएल लागतात. युरोपियन युनियननं ७ फेब्रुवारी २०११ पासून कारच्या नव्या मॉडेल्सना ते बंधनकारक केले. तिकडे सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, उजेडच मंद. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला डीआरएलचा फारसा फरक पडणार नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. फरक पडतो तो थंडीतल्या सकाळी, धुकं असताना, पावसात, आणि सूर्य समोरच्या गाडीच्या पाठीमागे असताना. तेव्हा ती गाडी नुसता काळा ठिपका असते.

भारतात कारला डीआरएलची सक्ती नाही. दुचाकीला मात्र १ एप्रिल २०१७ पासून इंजिन सुरू झालं की हेडलाइट लागलाच पाहिजे, असा नियम आला. तेव्हाची गंमत आठवते? समोरून येणारा प्रत्येक जण हाताची मूठ उघडझाप करून सांगायचा, ‘अहो, लाइट चालूय!’ आमच्या अप्पांचं अजून तेच. मी त्यांच्या जुन्या वॅगनआरला डीआरएल बसवायचं म्हटलं, तर म्हणाले, ‘दिवसा दिवा कशाला? लोकं हात करत्यात मग.’ मी म्हटलं, अप्पा, हात करत्यात म्हणजे तुम्ही दिसलात त्यांना.

आता किट. डीआरएलसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ८७ आहे. त्यात प्रत्येक दिव्याचा उजेड ४०० ते १,२०० कॅन्डेला यांच्या मध्ये असावा लागतो. ४०० च्या खाली उन्हात दिसत नाही, १,२०० च्या वर समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. मंजुरी असलेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळात ‘ई’ आणि आकडा, शिवाय ‘आरएल’ ही अक्षरं असतात. शिक्का खोटाही छापता येतो, पण ज्याच्यावर तोही नाही तो घेऊच नका. बसवायची जागाही ठरलेली आहे: जमिनीपासून २५० ते १,५०० मिलिमीटर उंचीवर आणि दोन दिव्यांमध्ये निदान ६०० मिलिमीटर अंतर. हे अंतर शोभेसाठी नाही. दोन दिवे फार जवळ असले की लांबून गाडी मोटरसायकल वाटते.

आतला भाग दिसत नाही, पण खरी फसवणूक तिथंच होते. आपण ‘बारा व्होल्ट’ म्हणतो, पण इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर १४ च्या पुढे नेतो. एलईडीचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं वाढलं तरी करंट बराच वाढतो. चांगल्या किटमध्ये करंट स्थिर ठेवणारा ड्रायव्हर असतो. स्वस्तातल्यात नुसते रेझिस्टर. मग एलईडी तापतात आणि थोड्याच महिन्यांत एक डोळा मिचकावणारी गाडी तयार होते. मागे अॅल्युमिनियमची बॉडी आहे का, हेही हातात घेऊन बघा. आणि ‘आयपी ६७’ वाचून खूश होऊ नका. त्याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशरच्या पाण्याची हमी त्यात नाही.

वायरिंगकडे येतो. माझ्या ऑफिसमधल्या एका मित्रानं पुण्यात एका दुकानातून डीआरएल लावून घेतले. पॉझिटिव्ह वायर सरळ बॅटरीला, मध्ये फ्यूज नाही. वायर पत्र्याच्या कडेवर घासत राहिली, वरचं आवरण सोलवटलं आणि एक दिवस बॉनेटमधून जळका वास. तो वेळेत थांबला आणि बॅटरीची टर्मिनल काढली म्हणून निभावलं. फ्यूज दिव्याला वाचवायला असतो असं आपल्याला वाटतं. तो वायरला वाचवायला असतो, म्हणून तो जिथून करंट घेतला तिथल्या जवळ हवा. दोन्ही दिवे मिळून १२ वॅट असतील तर करंट एक अँपिअर. तीन अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते, ते त्या बारीक वायरनं कुठं झेलायचं?

आमच्या गाडीला आम्ही काय केलं ते सांगतो. गावात गाड्यांचं वायरिंग करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडेच बसून केलं. चावी फिरवल्यावरच चालू होणाऱ्या एका फ्यूजवर फ्यूज टॅप लावला. तिथून वायर पाच पिनांच्या रिलेच्या ३० नंबरला. ८७ए वरून डीआरएलला. ८६ ला पार्किंग लाइटची वायर, ८५ अर्थला. काकांनी विचारलं, ‘८७ सोडून ८७ए का?’ आपल्या भाषेत सांगायचं तर हा इफ-एल्स आहे. पार्किंग लाइट बंद, तर ८७ए जोडलेला, डीआरएल चालू. पार्किंग लाइट लागला की रिले खेचला जातो, ८७ए सुटतो, डीआरएल बंद. चावी काढली की सगळंच बंद, त्यामुळे रात्रभर बॅटरी उतरायचा प्रश्न नाही. एक रिले, एक ओळीचं लॉजिक. ज्या नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार कंट्रोल मॉड्यूल बघतं, तिथं मात्र अशी वायर मध्येच कापून जोडू नका.

पार्किंग लाइटचीच वायर का घेतली, यामागे कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डीआरएल चालू असताना मागचा लाल दिवा बहुतेक गाड्यांत लागत नाही. संध्याकाळी साडेसहाला समोर पांढरा उजेड दिसतो, डॅशबोर्डही उजळलेला असतो, चालवणाऱ्याला वाटतं लाइट लावलाय. मागून येणाऱ्याला मात्र पुढं काहीच दिसत नाही. आपण उसाच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर नाही म्हणून शिव्या घालतो आणि तशीच अंधारी पाठ घेऊन स्वतः फिरतो. पार्किंग लाइटच्या सर्किटवर मागचे लाल दिवे असतात. म्हणून आमच्या गाडीत नियम असा: पुढचे डीआरएल विझले म्हणजेच मागचे लागले. अप्पांना हे लगेच पटलं. म्हणाले, ‘मग दिवस मावळताना पहिलं ते विझवायचं.’

कायद्याचंही थोडं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए प्रमाणे परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या बाजूला लाल दिवा तर चालतच नाही. निळे, रंग बदलणारे, पळणारे दिवे लग्नाच्या मांडवात शोभतात. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे डीआरएल कंपनीची अॅक्सेसरी म्हणून मिळत असतील तर महाग पडले तरी तेच घ्या आणि वॉरंटीचं आधी विचारून घ्या.

आणि हे सगळं नको असेल, तर दिवसा लो बीम लावून चालवा. खर्च शून्य, वायर कापायची नाही, मागचे दिवेही लागतात. मी तर पुण्याहून येताना टेंभुर्णीला हायवे सोडला की तेच करतो.

बसवलेच असतील तर दुकानातून निघायच्या आधी चार गोष्टी तपासा. चावी काढा, दिवे विझले पाहिजेत. चावी लावा, लागले पाहिजेत. पार्किंग लाइट लावा, डीआरएल विझून मागचे लाल लागले पाहिजेत. मग तीस पावलं पुढं चालत जा, वळून बघा. डोळे मिटावेसे वाटले तर ते दिवे परत करा. हे बघायला एक माणूस गाडीत आणि एक बाहेर लागतो, एकट्यानं जाऊ नका.