पैनगंगेकाठच्या हिमनदीच्या खुणा

(परभणी जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठीच्या भाषणाचा मजकूर)



मे महिन्यात परभणीचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. येथील विद्यार्थ्याने बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. त्याला हिमनदीचा धडा परक्या मुलखातील वाटला, तर नवल नाही. परंतु हिमनदीचा पुरावा हिमालयातच शोधावा लागतो, असे नाही. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत जी पैनगंगा परभणी जिल्ह्याची उत्तर सीमा होती, तिच्याच काठी तो मिळाला आहे.

हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. उन्हाळ्यात वितळते त्याहून अधिक हिम जेथे दरवर्षी पडते, तेथे थरावर थर साचतात. वरच्या भाराने खालच्या हिमातील हवा निघून जाते, कण एकमेकांत रुततात आणि भुसभुशीत हिमाचा घट्ट, निळसर बर्फ होतो. हा थर पुरेसा जाड झाला की स्वतःच्याच वजनाने उताराकडे सरकू लागतो. तळाशी पाणी असेल, तर घसरतोही. नुसता बर्फ खडकावर फारसे काही कोरू शकत नाही. कोरतात ते त्याच्या तळात रुतलेले दगड. सुताराची कानस लाकडावर चालावी, तसे ते खडकावर चालतात आणि एकाच दिशेच्या समांतर रेघा व खोबणी मागे ठेवतात.

अशाच रेघा 1870 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या फेडन यांना चंद्रपूरच्या नैर्ऋत्येस, पैनगंगेवरील इरई गावाजवळ चुनखडकावर आढळल्या. (चंद्रपूरच्या इरई नदीशी या गावाची गल्लत करू नये.) त्या खडकावर बारीक मातीत लहानमोठे धोंडे मिसळलेला थर होता आणि धोंड्यांवरही ओरखडे होते. वाहते पाणी दगडगोट्यांची निवड करते. जड आधी टाकते, हलके पुढे नेते. बर्फ मात्र सारे एकत्र वाहून नेतो आणि वितळला की तसेच सोडतो. ओडिशातील तालचेरवरून या थरांना तालचीर हे नाव मिळाले. तेथील धोंडे बर्फाने आणले असावेत, हा तर्क 1856 मध्येच मांडला गेला होता. इरईच्या खडकाने त्याला बळकटी दिली.

ही घटना सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीची. भारत तेव्हा आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका यांना जोडलेला होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बऱ्याच जवळ होता. त्या भूखंडाचे गोंडवन हे नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून पडले. बर्फ ओसरल्यावर तेथे जंगले वाढली. वर्धा खोऱ्यातील कोळसा त्यांचाच.

खुद्द परभणीत असा खडक उघडा दिसणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने येथील जुनी भूमी झाकली आणि त्याच बेसाल्टची झीज होऊन कापसाची काळी जमीन तयार झाली. तरीही वर्गासाठी साधन आहे. गोदावरीच्या पात्रातील गोटा विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. तो सर्व बाजूंनी गुळगुळीत असतो. हिमनदीच्या दगडाची एखादी बाजू घासून सपाट झालेली असते व तीवर ओरखडे असतात. हा फरक समजला की धडा निम्मा झाला.

पुढे सहल इरईकडे नेल्यास हातोडा मात्र शाळेतच ठेवावा. मातीच्या थराखाली झाकलेल्या होत्या, म्हणून त्या रेघा टिकल्या. एकदा उघड्या पडलेल्या चुनखडकाला पाऊस व पूर झिजवतातच. त्यात नमुन्यासाठी टवका काढला, तर पुढील वर्षीच्या मुलांना दाखवायला तेवढी रेघ उरणार नाही.