कादंबरी आणि विद्यार्थ्याची वही



व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. माणदेशातील धनगरांच्या वाडीवर नेमलेल्या तरुण मास्तरांची ही कथा. तीवर विद्यार्थ्यांनी लिहिलेले अभिप्राय मध्यंतरी माझ्या पाहण्यात आले. बहुतेकांनी ‘ग्रामजीवनाचे हृद्य चित्रण’ वगैरे मार्गदर्शिकेतील शब्दच उतरविले होते. त्यांना गुणही भरपूर मिळाले होते. एका मुलीने मात्र लिहिले होते, “दुष्काळात वाडी ओस पडली, तेव्हा हजेरीपटावरची पोरांची नावे कोणी कमी केली?” तिचे आईवडील दरसाल ऊसतोडीला जातात, आणि तिचे स्वतःचे नाव दोनदा कमी झाले होते. त्या उत्तराला दहांपैकी तीन गुण होते. ते उत्तर पुन्हा तपासावे, अशी विनंती मी तेथील गुरुजींना केली आहे.