इतिहासाचे सोंग आणि कॅमेऱ्याचा डोळा
(संस्थेच्या महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



होऊन गेलेली माणसे आजच्या प्रेक्षकापुढे कशी उभी करावी, हा माझा विषय आहे. वर्गात चाळीस मिनिटे घसा कोरडा करून जे साधत नाही ते पडदा चार मिनिटांत साधतो, हे मी रोज पाहतो. म्हणून पडद्याचा राग न करता त्याची चौकशी करावी असे मनात आले.

विलायतेत १९७२ साली 'अर्मीन स्ट्रीट गार्ड' नावाचे एक मंडळ निघाले. उत्खननात मिळालेल्या नमुन्यांवरून ही मंडळी रोमन शिपायांची चिलखते, शिरस्त्राणे, ढाली तयार करतात आणि ती अंगावर चढवून लोकांपुढे कवायत करतात. हा नुसता हौसेचा खेळ म्हणावा तर तसे नाही. रोमन स्वारांना रिकीब ठाऊक नव्हती. मग ते घोड्यावरून लढत कसे, हे विद्वानांना कोडेच होते. पीटर कॉनोली या इंग्रज चित्रकार-संशोधकाने त्यांचे चार शिंगांचे खोगीर पुन्हा बनवून पाहिले. त्यावर स्वार बसताच शिंगांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. ग्रंथात अडलेले कोडे मांडीखाली सुटले!

आपल्याकडे बाबूराव पेंटरांनी १९२३ साली हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीच्या देखाव्यांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि शेलारमामाचे काम केले तरुण शांतारामबापूंनी. पुढे १९८५ मध्ये बाबासाहेब पुरंदऱ्यांचे 'जाणता राजा' आले. त्यात खरे हत्तीघोडे प्रेक्षकांसमोरून जात.

पण आपण इतके दूर कशाला जावे? डिचोली, सत्तरी, पेडणे या आपल्याच महालांत शिगम्याला घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोडा, डोक्याला फुलांचा साज, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात नंगी तलवार, आणि ढोलताशावर पडणारे पाऊल. राण्यांनी पोर्तुगीजांवर मिळविलेल्या विजयाची ही आठवण, असे लोक सांगतात. हा नाच मोबाइलवर टिपणारे शेकडो हात मी पाहतो. टिपले जाते ते बहुधा नाचाचे एक मिनिट. घोडा कोणत्या लाकडाचा, तो कमरेला कसा आवळतात, ताल बदलला की पाय कोणता पुढे येतो, हे कोणी विचारीत नाही. आणि ज्या वृद्धांना ते ठाऊक आहे, ते काही दरवर्षी वाढत नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट. शाळेच्या स्नेहसंमेलनात अफझलखानाचे काम मुसलमान मुलाकडे जाते. मीही ते केले आहे, दाढी चिकटवून. बरे वठले असे लोक म्हणाले! खानाचे काम करण्यात कमीपणा नाही, कोणीतरी ते केलेच पाहिजे. माझी तक्रार एवढीच, की त्या मुलाला दुसरे काम सुचविले जात नाही. महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता, आरमारात दौलतखान होता, पत्रव्यवहाराला काझी हैदर होता. आपल्या डिचोलीचेच पाहा. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयास आला. डिचोलीच्या टेकडीवरील नमाजगाह त्यानेच बांधली असे सांगतात. नार्व्यास सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये उभारविले. तिथला शिलालेख कोणीही वाचून घ्यावा. एकाच तालुक्यात या दोन वास्तू आहेत. चित्रपट काढणारा यांतले काय घेईल ते त्याच्या हाती. पण एकदा पडद्यावर चढलेला चेहरा मुलांच्या मनातून पुसणे आम्हां शिक्षकांना फार जड जाते.

म्हणून विश्वस्तांस एक विनंती. शिष्यवृत्तीच्या निधीतून थोडी रक्कम काढून आपल्या गावच्या व शेजारच्या मुलांकडून घोडेमोडणीचे नीट चित्रण करवून घ्यावे. आधी घोडा घडविणाऱ्याची मुलाखत, मग वेष चढविण्याचा सगळा क्रम, मग अखंड नाच, मध्ये काहीही न कापता. जे लोक सांगतात ते 'लोक सांगतात' म्हणून नोंदावे, जे कागदावर आहे ते कागदाच्या नावाने. मुले मात्र सर्व वाड्यांवरची घ्यावीत; माझ्या वर्गातील चौघे तयार आहेत. कॅमेरा उसना मिळेल. शिगम्याला अजून अवकाश आहे, पण घोड्याचे काम आधी सुरू होते. तेव्हा मंजुरी लवकर मिळावी.