दुरुस्तीनंतरचा बिघाड

उमरीहून कापूस भरून निघालेला एक जुना ट्रक दोन कोसांवर बंद पडला. मी त्यातच बसलो होतो. आदल्या दिवशी डिझेलचा फिल्टर बदलला होता, गाळणी धुतली होती. ड्रायव्हर सारखा सेल्फ मारी. क्लीनर म्हणाला, "उस्ताद, गाडीनं हवा धरली."

पोराचे खरे होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पेटतो. नळीत बुडबुडा असला, की पंप तोच दाबीत बसतो आणि फवारा सुटत नाही.

त्याने फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. आधी फेस आला, मग स्वच्छ धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. गाडी सुरू झाली, पण पाच मिनिटांत पुन्हा बंद!

मग गाळणीपाशी पाहिले. टाकीकडून येणाऱ्या नळीचा वायसर चेपलेला होता. बाहेर थेंबही गळत नव्हता. कारण तिथे पंप डिझेल ओढतो, म्हणून फटीतून हवाच आत शिरते. वायसर बदलला, पुन्हा हवा काढली, आणि कापूस पोचला.

नव्या कॉमन रेल गाड्यांचे दाबाचे नट मात्र सैल करू नयेत; ती धार कातडीत घुसते.

गुरुजनहो, मुलांना एवढे सांगा : दुरुस्तीनंतर बिघाड झाला, तर शेवटचा हात जिथे लागला तिथून शोध सुरू करावा.