एका पुलाचे दोन काठ



अमेरिका आणि कॅनडा ही नावं आपण एका दमात घेतो. वीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवूनही, कॅनडा म्हणजे थंडीतली अमेरिका, यापलीकडे माझी समजूत गेली नव्हती. गेल्या वर्षी टोरांटोला भाच्याकडे जाण्याचा योग आला. जाताना अमेरिकेत बफेलोला एका जुन्या मित्राकडे दोन दिवस उतरलो, आणि मग नायगारा नदीवरचा रेनबो पूल पायी ओलांडून कॅनडात शिरलो. चालायला फार तर दहा मिनिटं. अलीकडे अंतर मैलांत, पलीकडे किलोमीटरमध्ये. पलीकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर इंग्रजीशेजारी फ्रेंच, आणि नाण्यावर राणीचा नाहीतर राजाचा मुखवटा. मला वाटलं, फरक तो एवढाच.

पण बफेलोच्या मित्राकडे दोन्ही रात्री जेवणानंतर एकच विषय निघाला होता. नवी नोकरी चालून आली होती, पगार जास्त. पण तिथं आजारपणाचा विमा कसा मिळेल याची खात्री नाही, आणि वहिनींना मधुमेह. टोरांटोला गेलो तर भाच्यानं नुकतीच नोकरी सोडलेली! मी घाबरून विचारलं, "अरे, मग दवाखान्याचं काय?" तो म्हणाला, "मामा, नोकरीचा आणि दवाखान्याचा इथं काय संबंध? हे कार्ड दाखवायचं." औषधांचे आणि दातांचे पैसे बहुधा वेगळे पडतात, हे त्यानं मागाहून सांगितलं. पण डॉक्टर आणि इस्पितळ यांचं बिल घरी येत नाही.

हे कार्ड आलं कुठून? तर शेतकऱ्यांकडून, बरं का! सस्कॅचवान हा गव्हाचा प्रांत. गावं लांब लांब, डॉक्टर टिकेना. तेव्हा पहिल्या महायुद्धाच्या काळातच तिथल्या काही गावांनी कराच्या पैशातून पगारी डॉक्टर ठेवायला सुरुवात केली. पुढं टॉमी डग्लस या प्रांताचे मुख्यमंत्री झाले. लहानपणी त्यांचा पाय कापायची वेळ आली होती. एका शल्यवैद्यानं फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून तो वाचला. त्यांनी आखलेली योजना 1962 च्या जुलैत सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनीच 23 दिवस संप केला. योजना मात्र टिकली, आणि 1966 साली देशभर नेण्याचा कायदा झाला. अमेरिकेनंही 1965 साली असाच कायदा केला. पण तो मुख्यतः म्हाताऱ्यांपुरता आणि गरिबांपुरता.

असं का व्हावं? शिक्षकबंधूंनी दोन सनावळ्या शेजारी ठेवाव्यात. 1776 च्या अमेरिकन जाहीरनाम्यात जीवित, स्वातंत्र्य आणि सुखाचा शोध यांची भाषा आहे. 1867 च्या कॅनडाच्या कायद्यात शांतता, सुव्यवस्था आणि चांगला कारभार यांची. एक राष्ट्र राजाविरुद्ध बंड करून जन्मलं. दुसऱ्याकडे त्याच बंडातून पळालेले राजनिष्ठ लोक येऊन वसले, आणि तिथल्या फ्रेंचांनाही बंडात सामील व्हावंसं वाटलं नव्हतं. म्हणून एकाला सरकारचा संशय येतो. दुसरा सरकारकडे हक्कानं तक्रार घेऊन जातो. ओटावाची संसद तर आपल्या ओळखीचीच. पंतप्रधान सभागृहात बसून विरोधकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. अमेरिकेच्या अध्यक्षांवर हा प्रसंग येत नाही.

कॅनडाला साधू समजण्याचं कारण नाही. 1914 साली कोमागाटा मारू जहाजातून 376 प्रवासी व्हँकुव्हरला पोचले, बहुतेक पंजाबी शीख. मोजक्यांखेरीज कुणाला उतरू दिलं नाही. त्याची माफी संसदेत मागितली गेली ती 2016 साली! तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं आईबापांपासून तोडून वसतिशाळांत कोंडली, ती कथा याहून काळी आहे. सुव्यवस्थेच्या नावाखाली हेही चालतं.

आणि त्या कार्डाचीही किंमत असते. भाच्याच्या शेजारचे आजोबा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आठ महिने नंबर लावून बसले होते. मी म्हटलं, "पूल ओलांडून पैसे भरून का करून घेत नाही?" त्यांनी सरकारला दोन कडक शिव्या दिल्या. मग काठी भिंतीला टेकवून म्हणाले, "माझ्यापुढं जो लागला आहे, त्याचा गुडघा माझ्याहून वाईट असेल."