क्लॅरिनेटवरील द्रुत जिव्हाघात

क्लॅरिनेटच्या माउथपीसवर बसवलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, वादकाच्या श्वासाने कंप पावते आणि नाद उमटतो. जिभेच्या टोकाच्या हलक्या स्पर्शाने हे कंपन क्षणभर रोखून प्रत्येक स्वर सुटा करणे म्हणजे जिव्हाघात. स्वर श्वासातून जन्मतो, जीभ केवळ त्याची वाट अडवते व मोकळी करते. तरीही वेग वाढवू पाहणारा नवशिका जीभ जोराने आपटतो, स्वरागणिक फुंक तोडतो आणि गळा आवळला जाऊन लय अडखळते.

शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकासाठी फेलिक्स मेंडेल्सनने रचलेल्या, १८४३ मध्ये पॉट्सडॅम येथे सादर झालेल्या संगीतातील स्केर्झो हा चपळ खंड वाद्यवृंदांच्या निवडचाचण्यांत या कौशल्याची कसोटी म्हणून वारंवार वाजवून घेतला जातो. मिनिटाला ८४ ते ८८ आवर्तने अशी लय धरली, तर सहा स्वरांनी भरलेल्या आवर्तनांत सेकंदाला आठांहून अधिक स्वर, तेही अगदी मंद आवाजात, उमटवावे लागतात.

अशा वेगासाठी तो स्वरसमूह प्रथम जीभ न लावता एकसंध फुंकीत वाजवणे आणि श्वासाचा तोच दाब राखून नंतर जीभ लावणे, हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. यानंतर मेट्रोनोमच्या संथ ठोक्यावर स्वर मुद्दाम आखूड करून, मधल्या निःशब्द अवकाशात बोटे पुढच्या स्वरावर नेऊन ठेवावीत, कारण बऱ्याचदा दोष जिभेच्या मंदपणात नसून बोटे व जीभ यांच्या विसंगतीत असतो. बासरीवादक सहज वापरतात ती ‘त-क’ अशी दुहेरी क्रिया येथे अवघड ठरते, कारण माउथपीस तोंडातच असल्याने जिभेच्या हालचालीला जागा कमी उरते.